तू जाय

कारंज्याहून तळेगावकडे निघालं की हायवेच्या डाव्या अंगाला आमचा ढाबा लागतो. समोर बाजा टाकलेल्या, मागे तुरीचं वावर, आणि दोन्हींच्या मधात स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघराला एक खिडकी आहे. भरलेली ताटं मी तिच्यातून बाहेर सरकवते, उष्टी तिच्यातूनच आत येतात. ताट तयार झालं की खिडकीच्या काठावर दोनदा थाप मारायची, म्हणजे ‘न्या’. बोलायची गरज पडत नाही. खिडकी इतकी बुटकी आहे की आतून मला माणसांचे फक्त हात दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे ट्रकची चाकं. हे लिहिते आहे तेही तिच्याच बाजूला बसून, दुपारची गर्दी ओसरल्यावर.

मागच्या हिवाळ्यात नागपूरहून कोणी एक जण मोबाईल काठीला लावून आला. त्यानं पाटोडी-रस्सा मागवला, भाकर कुस्करून खाल्ली, घाम पुसला आणि मोबाईलकडे बघून म्हणाला की वर्धा जिल्ह्यात येऊन ही पाटोडी खाल्ली नाही तर तुम्ही काही खाल्लंच नाही. अस्सल वऱ्हाडी हाताची चव आहे, असंही म्हणाला. मी आत बेसन घोटत होते. मी माझ्या हातांकडे पाहिलं. माझे हात गोव्याचे आहेत.

तो व्हिडिओ कुठे कुठे फिरला कोण जाणे. शनिवार-रविवारी नागपूर-अमरावतीच्या गाड्या लागायला लागल्या. लोक संत्र्यांच्या ट्रकांच्या रांगेत गाडी उभी करून आत येतात आणि विचारतात, ते व्हिडिओवालं इथंच का? घरचे खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला सांगू. पण आधी मी ढाब्यावर होते, त्या दिवसापासून ढाबा माझ्यावर आला.

पाटोडी काही मी माहेरून आणलेली नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, उद्या पाटोडी कर. त्यांना मी आई म्हणते. मला ऐकू आलं ‘पातोळी’. आमच्याकडे पातोळी म्हणजे हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापायचं, आत गूळ-खोबरं भरायचं, पान दुमडायचं आणि वाफवायचं. सणाचं खाणं. मला वाटलं, नव्या सुनेकडून काहीतरी गोड करून घेताहेत. मी तांदूळ भिजत घातले आणि सकाळी उठून हळदीची पानं शोधायला वावरात गेले. तुरीच्या ओळी संपल्या, कपाशी लागली, तरी हळद काही दिसेना. परत येऊन विचारलं तेव्हा आई हसता हसता ओट्यावर बसल्या. आल्यागेल्या बाईला सांगितलं, आमची सून पाटोडीसाठी पानं तोडायले गेलती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच दिवशी त्यांनी मला चुलीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, ‘माह्या हाताकडे पाहाय, माह्याकडे नको पाहू.’ बेसन किती आटवायचं, ताटात किती पातळ थापायचं, सुकं खोबरं कितपत काळं होऊ द्यायचं, सगळं मी त्यांच्या हाताकडे बघून शिकले. त्या अजून हाताकडेच बघायला लावतात. चुकलं की चेहऱ्याकडे बघू देत नाहीत.

मी सातवी शिकलेली. वडील गेल्यावर शाळा सुटली. माझ्या आईला आम्ही माई म्हणतो. माई लोकांकडे मासळी साफ करायला जायची आणि मी नदीच्या तोंडाशी असलेल्या एका रेस्टॉरंटात भांडी घासायला लागले. मोठं नाव होतं त्याचं. लोक लांबून लांबून यायचे, इथं खायलाच हवं म्हणून. माझी मोरी मागच्या अंगाला होती. तिथेही एक खिडकी होती, आणि तिच्यातूनही मला हातच दिसायचे. नखं रंगवलेले, अंगठ्या घातलेले, खेकड्याच्या नांग्या फोडणारे. कोणत्या ताटात काय उरतं त्यावरून मला कळायचं की आज कोणता पदार्थ जमला नाही.

नवरा तिथे तंदूरवर होता. वर्ध्याकडची बरीच मुलं तेव्हा गोव्यात हॉटेलांत होती, आताही आहेत. मी एकदा टोपलीभर कांदे चिरत बसले होते तर तो मागून म्हणाला, ‘काऊन रडून राह्यली?’ त्यांच्याकडे काऊन म्हणजे का; मला वाटलं हा कावळ्याबद्दल काहीतरी बोलतोय. मी वर झाडाकडे बघितलं. तोही बघायला लागला. तिथून सुरू झालं म्हणायचं. पुढे त्याच्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं, एक बाजू लुळी पडली, आणि त्याला घरचा ढाबा सांभाळायला परत यावं लागलं. तो मला घेऊन आला.

त्यानंतर मी माहेरी एकदाच गेले, मोठा मुलगा रांगत होता तेव्हा. मग मामाजी, म्हणजे सासरे, गेले. मग धाकटा झाला. मग ढाब्याचं शेड वाढवलं, मग व्हिडिओ. दर हिवाळ्यात पुढच्या हिवाळ्यात जाऊ असं ठरायचं. मला कुणी कधी नाही म्हटलं नाही, हीच तर पंचाईत. कुणी नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. इथं सगळे म्हणायचे, हो हो, जाऊ न, आणि तेवढ्यात बाहेर गाडी लागायची.

आणि मी कोणत्या तोंडानं म्हणणार? मोठ्याच्या वेळी वर्ध्याच्या दवाखान्यात माझं फार बिघडलं होतं. माईला येणं शक्य नव्हतं. आई माझ्या खाटेपाशी खाली फरशीवर चादर अंथरून पडून राहिल्या. डिंकाचा लाडू दुधात कुस्करून चमच्यानं भरवायच्या. बाळाला घेऊन त्या व्हरांड्यात फिरायच्या आणि मला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलायच्या, पाहाय रे, तुही माय कशी पाहून राह्यली. घरात मासळी शिजत नाही, तरी एकदा नवऱ्याला म्हणाल्या, तिले बाहेर कुठं खाऊ घालून आन, सुकून चालली. आमच्याकडे मासळीला नुस्तें म्हणतात. इथे नुसतं म्हणजे ज्याच्यासोबत काहीच नाही असं. ताटात नुसता भात बघितला की मला सुरुवातीला उगाच हसू यायचं, मग यायचं बंद झालं. पण ज्या बाईनं माझ्यासाठी एवढं केलं तिला मला जायचंय म्हणणं म्हणजे तुमचं कमी पडलं म्हणण्यासारखं वाटायचं. म्हणून मी गप्प बसायचे.

शिवाय माझं डोकं धड नाही. मनातल्या मनात मी गोव्याच्या गाडीत बसायचे आणि गाडी सुटायच्या आत उतरायचे. गॅसचं बटण नीट फिरवलं का? धाकट्याला रात्री धाप लागली तर पंप कुठे ठेवलाय हे नवऱ्याला सापडेल का? बेसनात गाठी राहिल्या आणि नेमका कोणी व्हिडिओवाला आला तर? अशी मी कित्येकदा गेले आणि कित्येकदा परत आले, जागची न हलता.

या डिसेंबरात नणंद चार दिवस माहेरपणाला आली. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, देवळीला दिली आहे. जावईबापूंनी गोव्याची तिकिटं काढली होती, नागपूरहून थेट रेल्वेची. तिच्या पायाला भिंगरी लागली होती. मी पाटोडी थापत होते, ती मोबाईल घेऊन ओट्यावर चढून बसली.

‘वहिनी, सांग न. तुह्या गोव्यात काय काय खायलेच पाहिजे? हाटेलाचं नाव सांगजो, मी लिहून घेते.’

मी सांगायला लागले. सकाळी पोई, म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ पाव. पाववाला सायकलवरून हॉर्न वाजवत येतो, तो आला की त्याच्यामागे धावायचं. पोईसोबत वाटाण्याची पातळ भाजी, कुठल्याही जुन्या टपरीत. संध्याकाळी रस-ऑम्लेटचा गाडा. ऑम्लेटवर नारळाचा घट्ट रस्सा ओतून देतात. तर्री-पोह्यांसारखंच असतं का, तिनं विचारलं. तसंच, फक्त तर्री गोड्या स्वभावाची, मी म्हटलं. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांचं सुकं, सुंगटांची म्हणजे कोळंबीची कडी, गोडाला थराथरांचा बेबिंका. मग त्या मोठ्या रेस्टॉरंटचं नाव सांगितलं. खेकडा तिथंच खा, पण रविवारी नको, रविवारी घाई करतात, आतून कच्चा राहतो.

ती भराभरा लिहीत होती. मग थांबली. ‘तिथं समुद्र दिसते का? कोनत्या टेबलावरून चांगला दिसते?’

मला सांगता येईना.

‘तू कुठं बसत होती मंग?’

‘मोरीपाशी,’ मी म्हटलं.

ती ओट्यावरून खाली उतरली. हातातला मोबाईल तिनं उपडा ठेवला आणि माझ्या शेजारी बसून वड्या पाडायला लागली. तिच्या वड्या नेहमी तिरक्या पडतात. मला अवघडल्यासारखं झालं म्हणून मीच म्हटलं, लिही, अजून एक राहिलं. माझ्या माईचं घर. उकड्या तांदळाची पेज आणि कैरीचं लोणचं. हॉटेल नाही, पण खायलाच पाहिजे. तिनं ते लिहिलं आणि पुढे चांदणी काढली.

त्याच संध्याकाळी माईला फोन लावला. हात बेसनाचे, म्हणून नणंदेनं फोन पिंपावर ठेवून मोठ्या आवाजावर केला. मी सांगितलं की हे दोघं येताहेत, त्यांना पेज घाल. माई खूप खूश झाली. तिचे गुडघे गेलेत, तरी म्हणाली, फेरीबोटीपर्यंत घ्यायला जाईन. तू कधी येतेस हे ती कधी विचारत नाही. पूर्वी विचारायची. आता फक्त विचारते की काय पाठवू.

‘सोलां जाय गो तुका?’

‘जाय,’ मी म्हटलं. सोलां म्हणजे आमसुलं. इथं दुकानात मिळतात, पण जुनी असतात, कडक झालेली. माईची मऊ असतात, मिठानं ओली, हातात घेतली की तासभर बोटं लाल राहतात.

आई बाहेर अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. त्यांना आमची भाषा येत नाही. एक शब्द मात्र येतो. धाकटा बोलायला लागला तेव्हा माझं ऐकून ‘दूद जाय’ म्हणायचा. आईंना आधी वाटायचं, तो दुधाला पळवून लावतोय, कारण इथं जाय म्हणजे जा. मग मी सांगितलं की आमच्याकडे जाय म्हणजे पाहिजे. तेव्हापासून त्या लाडानं त्याला विचारायच्या, काय जाय रे माह्या राजाले? घरात तो शब्द राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या दारी गेले तर आईंसमोर हिरवागार ढीग. तुरीच्या ओल्या शेंगा सोलून सोलून त्यांनी अर्धी परात दाणे काढले होते. इकडे त्या दाण्यांना सोले म्हणतात. हिवाळ्यात सोलेभात, सोल्यांची आमटी, सगळ्या घरांतून तोच वास. मी म्हटलं, एवढे कशाला? ढाब्यावर तर आज भरीत आहे.

‘ढाब्यावर कायले? विहीणबाईले,’ त्या म्हणाल्या. ‘काल फोनवर म्हनत नोहत्या का, सोले जाय म्हनून. मले आयकू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काही मांगितलं त्यायनं.’

मी उभीच राहिले. त्या बोलतच होत्या. ओला माल आहे, कुरिअरनं सडून जाईल. पोरीच्या हाती द्यावं तर ती फिरायला चालली, दोन दिवस हॉटेलातच पडून राहील. आणि विहीणबाईंना करता कुठं येतात? हिरवं वाटण, लसूण, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, कोण सांगेल त्यांना? शेंग फोडता फोडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, ‘पोरीसंगं तूच जाय.’

किती साधे शब्द. त्यांच्या बोलीत, जा. माझ्या कानात माईच्या बोलीतही वाजले, तू हवीस. पण दोन्हींच्या खाली पाया चुकीचा होता. मला जायला मिळत होतं ते ऐकण्यातल्या चुकीवर, माझ्यावर नाही. मी शेजारी बसले आणि सोलायला लागले. गप्प राहिले असते तर तिकीट निघालं असतं. नवरा सकाळीच तत्काळचं बघतो म्हणून गेला होता, म्हणजे आईंनी त्यालाही सांगितलं होतं. बोलले असते तर कदाचित पुन्हा पुढचा हिवाळा. एक एक शेंग फोडत होते. गाडीत बसून तरी हेच डोक्यात राहील, माईच्या दारात पिशवी ठेवताना आई फोनवर विचारतील, आवडले का विहीणबाईले, आणि माई म्हणेल, हें कितें, म्हणजे हे काय? मला माझं डोकं माहीत आहे. ते मला तिथंही इथंच ठेवील.

परात भरत आली तेव्हा मी बोलले. आमच्याकडे सोलां म्हणजे आमसुलं, आई. माईनं मागितलं काही नाही. ती मलाच विचारत होती, तुला पाठवू का म्हणून.

त्यांचे हात थांबले. बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता, कोणी गेलं नाही. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, सवयीनं. नखं हिरवी झाली होती.

‘म्हंजे तुह्या मायनं सोले नाई मांगितले.’

‘नाही.’

‘आन् तुले आमसुलं पाहिजे होते.’

मी मान हलवली. मग काय झालं मला कळलं नाही, डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. आमसुलांसाठी कोणी एवढं रडत नाही, हे त्यांनाही दिसत असणार. मग परात त्यांनी हलवून सारखी केली.

‘आता तं सोलले. परत शेंगीत घालू का?’ त्या म्हणाल्या. ‘काऊन रडून राह्यली? तुले जायचं होतं तं सांगायले काय झालं होतं? मी काय वाघीन हाव?’

मी म्हटलं, पाटोडी कोण करेल? शनिवारी गाड्या येतील.

‘माह्या हाताची खातीन,’ त्या म्हणाल्या. ‘तुले कोनं शिकवली?’

नणंद दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, वहिनी, तू हनिमूनले संगं आली तं लोक काय म्हनतीन? जावईबापूंना विचार, मी म्हटलं. ती म्हणाली, त्यायले काय विचारा लागते, त्यायले खिडकीची सीट भेटली की बस.

निघायच्या सकाळी मी स्वयंपाकघरात चार वेळा जाऊन आले. बटण बघितलं. पंप कोणत्या डब्यात आहे ते मोठ्याकडून वदवून घेतलं. आईंनी मला हात धरून बाहेर काढलं आणि आतून दार लोटून घेतलं. सोल्यांची पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या काखेत दिली होती. माईनं पुढे त्या सोल्यांच्या आमटीत सोलां टाकली, हे आईंना अजून खरं वाटत नाही. म्हणतात, आंबट करून नासवली. पण ते नंतरचं.

नागपूर स्टेशनला न्यायला जावईबापूंची गाडी ढाब्यासमोर उभी होती. मी बाजेपाशी थांबले, गिऱ्हाइकं बसतात तिथे. लग्न होऊन आल्यापासून मी तिथं सकाळच्या वेळी कधी उभी नव्हते, कारण त्या वेळी मी आत असते. समोर ती बुटकी खिडकी होती. बाहेरून ती फारच लहान दिसते. तिच्यातून एक हात आला, हिरव्या नखांचा. त्यानं पाटोडीचं ताट पुढे सरकवलं. नवरा ताट घ्यायला गेला, घेऊन बाजूला झाला, तरी हात तिथंच राहिला. मग काठावर दोनदा थाप मारली.

आता तिथे कुठलंच ताट नव्हतं. मी पिशवी नीट काखेत घेतली आणि गाडीत बसले.